बिडी एकाची, माचीस दुसऱ्याची

त्या गावात मी पहिल्यांदा मुक्कामाला राहिलो तेव्हा कोंबड्याच्या आधी माणसं खोकायला लागली. मी मूळचा सिरसाळ्याचा. खोकणारी माणसं आमच्याकडेही काही कमी नाहीत, पण अख्खं गाव पहाटे एकामागून एक असं खोकताना मी तोवर ऐकलं नव्हतं. आधी देवळाकडून एक खरखरीत खोकला आला, मग माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडून त्याला असं काही उत्तर मिळालं की मी अंथरुणात उठून बसलो. मागोमाग खालची आळी सुरू झाली. सकाळी सोसायटीच्या शिपायाला विचारलं, तर तो झाडू मारता मारता म्हणाला, "ते व्हय? देवळाकडं लिंबाजी खोकतो, मंग चेरमन खोकतेत, मंग बाकीचे. रोजचंच हाय."

सोसायटी म्हणजे गावाची सेवा सहकारी सोसायटी. मी तिचा नवा सचिव म्हणून रुजू झालो होतो आणि भिंतीपलीकडे खोकणारे एकनाथअण्णा तिचे चेरमन होते. धारूरचा घाट चढून वर आलं की बालाघाटाच्या माथ्यावर जी उघडीबोडकी गावं लागतात, त्यातलं हे एक. दगड भरपूर, पाणी नावाला. पाऊस झाला तर ज्वारी, नाही झाला तर आभाळाकडे बघणं. दसरा झाला की निम्मं गाव बैलगाड्या आणि कोयते घेऊन ऊसतोडीला जायचं. मागे राहायची म्हातारी माणसं, कुत्री आणि चेरमन.

अण्णा उंच, हाडापेराने मोठे. धोतर, अंगात खिशांची बंडी, डोक्यावरची टोपी किंचित डाव्या कानाकडे झुकलेली. निवडून आल्यापासून कुणी त्यांच्याविरुद्ध अर्ज भरला नव्हता, आणि कार्यालयातल्या चेरमनच्या खुर्चीवर ते कधी बसले नव्हते. त्या खुर्चीत खताचं रिकामं पोतं घालून सोसायटीची मांजर झोपायची. अण्णा बसायचे बाहेर, कडुनिंबाखालच्या दगडी कट्ट्यावर. सभा तिथेच, सह्या तिथेच, भांडणंही तिथेच. एकदा तालुक्याचे साहेब तपासणीला आले आणि सवयीने आत शिरले. अण्णा बाहेरूनच ओरडले, "सायेब, आत मांजर हाय. सोसायटी हिकडं हाय."

त्यांचा आवडता शब्द 'मंजूर'. सभेत तर म्हणायचेच, पण घरात काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, जेवायला हाक मारली तरी "मंजूर," नातवाने गोळ्या-बिस्किटाचा हट्ट केला तरी "मंजूर," आणि धारूरच्या बाजारात बैलाचा सौदा पटला नाही तर शांतपणे "नामंजूर" म्हणून चालू लागायचे. पेपर शेवटच्या पानापासून वाचायचे. पहिल्या पानावर पुढारी असतात, शेवटच्या पानापर्यंत गेलं की माणसं भेटतात, असं त्यांचं म्हणणं. मला हा माणूस पहिल्या आठवड्यातच आवडला, आणि मला माणसं इतक्या लवकर आवडत नाहीत.

पण अण्णांबद्दल सांगायचं म्हणजे लिंबाजीबद्दल सांगावं लागतं. दोघं एका वयाचे, एका शाळेतून एकाच वर्षी पळून आलेले. अण्णांकडे विहिरीखालची जमीन, वाड्यावस्त्यांत शब्दाला वजन. लिंबाजीकडे खडकाचा एक तुकडा, बैलजोडी आणि कोयता. गावात सगळे 'अण्णा' किंवा 'चेरमन' म्हणायचे, एकटा लिंबाजी 'एकनाथ' म्हणायचा. कट्ट्यावर चार प्रतिष्ठित बसलेले असोत की बँकेचे साहेब असोत, लिंबाजी यायचा आणि उभ्या उभ्या म्हणायचा, "एकनाथ, सरक." चेरमन सरकायचे.

या दोघांचा एक करार होता. मी यायच्या बऱ्याच आधी धारूरच्या एका डॉक्टरने दोघांची छाती तपासून बिडी सोडायला सांगितलं होतं. घरी येऊन दोघांनी बायकांसमोर ते कबूल केलं, आणि दुसऱ्या दिवशी काकूंना अण्णा गोठ्यामागे धूर काढताना सापडले. लिंबाजीची बायको द्वारका, तिने तर लिंबाजीचं बंडल चुलीतच घातलं. मग दोघांनी कट्ट्यावर बसून तोडगा काढला. बिडीचं बंडल अण्णांनी ठेवायचं, माचीस लिंबाजीने. म्हणजे एकट्याला कुणालाच ओढता येणार नाही, आपोआप कमी होईल. अण्णांनी त्यावर "मंजूर" म्हणून शिक्का मारला.

आता असला करार आमच्या भागातलीच माणसं करू जाणोत. बिडी थोडी कमी झालीही असेल, पण दोघांचं भेटणं दुप्पट झालं. सकाळी खिशात बंडल घालून अण्णा निघायचे आणि भेटेल त्याला विचारायचे, "लिंबाजी दिसला का बे?" तिकडे लिंबाजी नांगर सोडून बांधावर उभा राहून कट्ट्याकडे बघायचा. भेटले की काडी ओढायची लिंबाजीने, पहिली बिडी पेटवून द्यायची अण्णांना, आणि मग त्या बिडीला बिडी लावून आपली पेटवायची. एवढा वेळ दोघांची डोकी जवळ यायची. मग कुणाची तरी सोयरीक, कुणाचा तरी बैल, कुठे तरी पडलेला पाऊस. मी बिडी ओढत नाही, वाऱ्याच्या उलट्या बाजूला बसून हे बघत असायचो.

कराराबाबत अण्णा फार कडक होते. एकदा एका कारखान्याचे संचालक आले. त्यांनी बोलता बोलता चकचकीत लायटर काढून अण्णांच्या ओठातल्या बिडीपुढे धरला. अण्णांनी बिडी काढून हातात घेतली. "ऱ्हाऊ द्या सायेब. माचीस येऊ द्या माजी." संचालकांना वाटलं चेरमनची काहीतरी खास माचीस असेल. थोड्या वेळाने चिखलाच्या पायांनी लिंबाजी आला, "सरक" म्हणाला, आणि संचालकांना ती खास माचीस दिसली.

दसऱ्यानंतर लिंबाजी ऊसतोडीला गेला की अण्णांच्या खिशातलं बंडल तसंच राहायचं. मुकाट्याने दिवस काढायचे. काकू म्हणायच्या, "लिंबाजीभावजी कारखान्यावर गेले की आमच्या घरात पहाटंपस्तोर झोप लागती बगा." खोकला बसायचा, अंगावर जरा मांस चढायचं. पण चेहरा उतरलेला. उन्हाळ्याच्या तोंडाला ऊसतोडीचे ट्रक घाट चढून यायला लागले की चेरमन कामधाम सोडून फाट्यावर जाऊन बसायचे. ट्रकमधून भांडी, पोरं, कोंबड्या उतरायच्या आणि त्यांच्यामागून लिंबाजी. दुसऱ्या दिवशी पहाटे देवळाकडून खोकला, भिंतीपलीकडून त्याला उत्तर. मला तो खोकला ऐकून बरं वाटायचं, हे आता लिहितानाही विचित्र वाटतं.

मग ते दुष्काळी साल आलं. सलग दोन पावसाळे कोरडे गेलेले. विहिरींच्या तळाला चिखलसुद्धा उरला नाही. टँकर आला की बायका धावायच्या आणि टँकर गेला की भांडायच्या. उसाचाच पत्ता नाही म्हणून ऊसतोड लवकर आटोपली आणि माणसं रिकाम्या हाताने परत आली. गायरानावर सोसायटीने चारा छावणी उघडली. पाचटाची छपरं, दावणीला रांगेने जनावरं, आणि प्रत्येक दावणीपाशी खाट टाकून त्यांचा मालक. बायका दुपारी भाकरी घेऊन यायच्या. एवढी माणसं एका जागी, हाताला काम नाही, तेव्हा बिडीशिवाय दुसरं होतं काय? सगळी छावणी धुरात असायची.

अण्णा रात्रंदिवस तिथेच. कडब्याची मोठी गंजी छावणीच्या मधोमध रचलेली, तिच्या सावलीत अण्णा आणि लिंबाजी बसायचे. लिंबाजीची बैलजोडी शेजारीच बांधलेली. दुष्काळातही त्या दोघांचं बरं चाललं होतं, म्हणजे भेटायला शोधावं लागत नव्हतं.

एका दुपारी गंजी पेटली. वारा होता, पाणी नव्हतं. माणसांनी जनावरांचे दावे तोडले, बायकांनी माती फेकली, पण बघता बघता सगळा कडबा गेला. जनावर एकही दगावलं नाही, एवढंच नशीब. बाहेरून चारा येईपर्यंत जनावरं उपाशी हंबरत होती. तो आवाज ज्याने ऐकला आहे त्याला मी काय सांगू? कुणाच्या बिडीने पेटली ते कधीच कळलं नाही. त्या दुपारी गंजीजवळ निम्मी छावणी बिड्या ओढत होती, आणि त्यात अण्णा आणि लिंबाजीही होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी सगळ्यांना गोळा केलं. टोपी पहिल्यांदाच सरळ होती. म्हणाले, "आजपून छावणीत बिडी बंद. कुणाच्या खिशात बिडी न्हाई, कुणाच्या खिशात माचीस न्हाई. जनावराच्या तोंडचा घास जाळायचा आपल्याला हक न्हाई. आन् सुरवात माज्यापून." त्यांनी बंडीतलं बंडल काढलं आणि पाण्याच्या बादलीत बुडवून पायाखाली चिरडलं. मग वळले आणि हात पुढे केला.

"लिंबाजी, माचीस दे."

अण्णांच्या मनात एवढंच होतं की आधी आपण, मग गाव. बंडल आपलं, माचीस आपली, दोन्ही आधी टाकायचं. त्यांना लिंबाजीची माचीस दुसऱ्याची वाटतच नव्हती. पण गोळा झालेल्या माणसांना काय दिसलं? काल गंजी जळाली, आज चेरमनने सगळ्यांसमोर नाव घेऊन एकाकडे माचीस मागितली. लिंबाजीने अण्णांकडे पाहिलं. त्याला वाटलं असावं की एकनाथ पुढे काहीतरी बोलेल. अण्णा बोलले नाहीत. लिंबाजीने बनियनच्या खिशातून माचीस काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि आपल्या बैलांकडे निघून गेला.

संध्याकाळपर्यंत छावणीभर झालं की लिंबाजीच्या काडीनेच गंजी पेटली. अण्णांच्या कानावर आलं नाही असं नाही. मी स्वतः सांगितलं. ते म्हणाले, "चार दिसानं निवळंल. आता जनावरं बगू." त्यांच्या डोक्यात तेव्हा चारा आणि टँकर याशिवाय काही शिरत नव्हतं, हे मी जवळून पाहिलं आहे. पण निवळलं नाही. लिंबाजीने बैलजोडी सोडून छावणीच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन बांधली.

पुढे पाऊस झाला, छावणी उठली, पण बिडी परत आली नाही. उन्हाळाभर माणसांना न ओढायची सवय झाली होती. निदान लोकांना तसं वाटलं. खरं म्हणजे धूर नको, ठिणगी नको, म्हणून छावणीतच तोंडात तंबाखूचा बार आला होता. मग चुना मळायचाही कंटाळा म्हणून गुटख्याच्या रंगीत पुड्या आल्या. दुकानाच्या दाराला त्यांच्या माळा लोंबायला लागल्या, लग्नाच्या मांडवाला लावाव्यात तशा. पुढे कधीतरी बंदी आली तेव्हा माळा आत पोत्याखाली गेल्या, बाकी काही बदललं नाही.

वर्षा-दोन वर्षांनी ही बातमी तालुक्याला पोहोचली की अमुक गावात बिडी ओढणारा माणूस औषधाला सापडत नाही. आरोग्याच्या कुठल्याशा कार्यक्रमात गावाचा सत्कार ठरला. शाळेसमोर मांडव. 'धूरमुक्त गाव' असा मोठा फलक. साहेब फार भारावून बोलले. मग म्हणाले, "आता गावकऱ्यांपैकी कुणीतरी सांगा, बिडी सोडल्यापासून कसं वाटतंय?" पुढच्या रांगेतला एक जण उठला. मान वर करून, ओठ मिटून, "उं... उं..." एवढंच करत राहिला. साहेबांना वाटलं भावना अनावर झाल्या. तो हाताने 'थांबा' अशी खूण करून शाळेच्या भिंतीमागे गेला, पिंक टाकून आला आणि म्हणाला, "लई हलकं वाटायलंय सायेब." टाळ्या पडल्या. शाल-नारळ घेऊन अण्णा त्या गर्दीकडे बघत होते. मी शेजारी होतो. ते हळूच म्हणाले, "सचिव, निम्म्या मांडवाचं तोंड भरल्यालं हाय. राष्ट्रगीत कोण म्हणणार?"

महिनाभरात त्या फलकाचा खालचा कोपरा लाल झाला.

अण्णांनी स्वतः मात्र बिडी सोडली ती सोडली, आणि दुसरं काही धरलं नाही. त्यांचा खोकला गेला. घाट चढताना आता मला थांबावं लागायचं, ते थांबत नसत. पहाटे गाव गप्प असायचं. म्हणजे पुरुष गप्प असायचे. आणि त्या शांततेत एक खोकला ऐकू यायला लागला जो आधीपासून असणार, पण पुरुषांच्या गदारोळात कुणी मनावर घेतला नव्हता. तो काकूंचा होता. त्यांनी जन्मात बिडीला हात लावला नव्हता. मी एकदा सकाळी अण्णांकडे गेलो तर ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. आत चुलीवर तुराट्यांचा धूर कोंडलेला, काकू फुंकणी घेऊन खोकत होत्या. अण्णा मला म्हणाले, "बगा. बिडी म्या वडली, आन् छाती हिची. इतकी वर्सं मला वाटायचं, ही माजं बगून मुद्दाम खोकती." पुढच्या आठवड्यात ते बाजारातून गॅसची शेगडी घेऊन आले. काकू तिला बरेच दिवस भीत होत्या.

कट्टा मात्र ओस पडला. माणसं यायची, पण तोंडात पुडी असली की बोलता येत नाही. उंच मान करून बसायची, पिंक टाकायला उठायची, आणि उठली की तशीच घरी जायची. कुणाला कुणाकडे विस्तव मागायचा नव्हता. पुडी ज्याची त्याच्या खिशात, ज्याची त्याने फाडायची. अण्णा एकटेच पेपर शेवटून सुरू करायचे आणि पहिल्या पानापर्यंत येऊन पोहोचायचे. आधी ते तिथवर कधी येत नसत.

"एकदा लिंबाजीकडे जाऊन का येत नाही?" मी विचारलं.

"जाऊन काय म्हणू?" अण्णा म्हणाले. "बिडी हाय का माज्याकडं?"

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. आयुष्यभर त्या दोघांना एकमेकांकडे जायला कारण लागलं नव्हतं असं नाही. कारण होतं, खिशात होतं, म्हणून ते कधी दिसलं नाही. आता ते नव्हतं आणि दोन म्हाताऱ्यांना देवळापासून कट्ट्यापर्यंतचं अंतर ओलांडता येत नव्हतं. लिंबाजी दुरून जायचा. मान वळवायचा नाही. गाल फुगलेला असायचा.

एक दिवस द्वारका सोसायटीत आली. खताचं काही विचारायचं होतं, ते झाल्यावरही उभी राहिली. मग पदर तोंडाशी धरून अण्णांना म्हणाली, "अण्णा, ह्यांचं तोंड उगडंना. भाकरीचा तुकडा जाईना आत. दुदात कुस्करून चमच्यानं देते. आता गालाला आतून फोड आलाय, तो बी बसंना."

अण्णा उठले. टोपी घ्यायचीही राहिली. मी मागोमाग गेलो.

लिंबाजी अंगणात बाजेवर पडला होता. एवढासा झालेला. अण्णांना बघून उठू लागला, पण अण्णांनीच त्याला धरलं. मग अण्णांनी विचारलं, आणि तो प्रश्न ते फार दिवस वागवत होते हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं.

"म्या तुजी बिडी बंद केली म्हणून तू हे खायला लागलास. व्हय का न्हाई? खरं सांग."

लिंबाजीने मान हलवली. ओठ जेमतेम एक बोट उघडत होते, त्यातून शब्द चिरडून बाहेर येत होते. "खाल्लं म्या. तुजा काय संबंद?"

"मंग?"

लिंबाजीने थोडा दम घेतला. "माचीस घेतलीस त्याचं काय न्हाई, एकनाथ. पर बस म्हणाया काय झालतं तुला?"

अण्णा बाजेच्या कडेवर बसले, लिंबाजीचा हात हातात घेतला आणि मोठ्याने रडले. द्वारका आत निघून गेली. मीही अंगणाबाहेर जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने मागून अण्णांचा आवाज आला, "सरक जरा."

त्यानंतर अण्णा रोज तिथे जायचे. मोठ्या दवाखान्यात नेलं, जे करायचं ते डॉक्टरांनी केलं, पण उशीर झाला होता. लिंबाजीला शेवटी बोलता येत नव्हतं, मग अण्णाच बोलायचे. पेपर घेऊन जायचे आणि शेवटच्या पानावरचं वाचून दाखवायचे. पुढच्या दसऱ्याला गाव ऊसतोडीला गेलं आणि त्याच महिन्यात लिंबाजी गेला. खांदा द्यायला माणसं कमी पडली. अण्णांनी मधे कुठेही खांदा बदलू दिला नाही. आता त्यांना दम लागत नव्हता.

तेराव्यानंतर ते कट्ट्यावर मला म्हणाले, "सचिव, तुमी शिकलेलं माणूस. बिडी सुटली तर गाव सुदारलं का?"

मी म्हणालो, "तुमची छाती सुधारली ना, अण्णा. धूर कमी झाला ते चांगलंच झालं."

"म्हंजे मी सुदारलो," ते म्हणाले. "म्या गावाचं इचारलं." धूर वाईट, हे मी कुणालाही सांगेन. अण्णा त्यामुळेच जगले, हेही खरं. पण एक धूर गेला तेव्हा चुलीचा तसाच होता, त्याच्या जागी पुडी आली होती आणि माणसं बसायची बंद झाली होती. या सगळ्याची बेरीज कुणी करायची आणि तिला निरोगी म्हणायचं की काय म्हणायचं, हे माझ्या कुवतीबाहेरचं आहे.

पुढे माझी बदली पाटोद्याकडे झाली, मग मी निवृत्तही झालो. मध्ये काकू गेल्याचं कळलं. मुलगा पुण्याला होता, तो न्यायला आला होता म्हणे, तर अण्णांनी त्याला "नामंजूर" म्हणून परत पाठवलं.

मागच्या उन्हाळ्यात धारूरला एका लग्नाला गेलो, तेव्हा वाट वाकडी करून त्या गावात उतरलो. सोसायटीचं कार्यालय नवं झालंय, काचेचं. कट्टा आणि कडुनिंब मात्र तेच, आणि कट्ट्यावर अण्णा. पाठ ताठ. डोळ्यांनी आता नीट दिसत नव्हतं. मी लगेच पुढे गेलो नाही, समोरच्या दुकानात पाणी प्यायला थांबलो.

एक पोरगा मोटरसायकलवरून आला. अण्णांनी हात वर केला. "माचीस हाय का रं?" पोराने गाल फुगवलेल्या तोंडाने नकारार्थी मान हलवली आणि गाडी पुढे काढली. थोड्या वेळाने एक माणूस शेतावरून आला. "माचीस हाय का?" त्याने थांबून दोन्ही खिसे चाचपले. "न्हाई बा." तेवढ्यात अण्णांनी विचारलं, "कुणाचा तू? बस की जरा." तो टेकला, दोन शब्द बोलला आणि गेला.

दुकानदार मला म्हणाला, "चेरमनला याड लागलंय. बिडी तर वडत न्हाईत, आन् दिसभर ज्याला त्याला माचीस मागतेत. म्या एकदा नवी पेटी नेऊन दिली, तर माज्यावरच खवळले. फेकून दिली."

मी पाण्याचा ग्लास ठेवला आणि रस्ता ओलांडला. पावलांच्या आवाजाने अण्णांनी मान वळवली. ओळखलं नाही.

"माचीस हाय का?"

मी खिसे चाचपले. काही नाही हे माहीत असूनही दोन्ही चाचपले. "नाही अण्णा," मी म्हणालो.

"न्हाई का," ते म्हणाले, आणि कट्ट्यावर थोडं सरकून त्यांनी शेजारी जागा केली. "मंग बसा."